सुटी अकरा अक्षरं

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये गोरक्ष बोराडे यांनी एकतीस वर्षं टपाल तिकिटांचे छापील ताव तपासले. कुठे शाई फुटली, कुठे भोकांची रांग सरकली, कुठे रंग फिका आला, हे शोधायचं आणि तो ताव बाजूला काढायचा. माणूस मुळातच काळजीखोर, त्यात नोकरी अशी की काळजी करण्याचाच पगार मिळे. घरीही ती सवय सुटली नाही. गॅस बंद केला का, दाराला कडी लागली का, सगळं दोनदा बघायचं. त्यांची बायको सरिता चारचौघांत सांगायची, "बघायला आले होते तेव्हा यांनी मलासुद्धा उजेडात धरून तपासलं असतं. आमचे वडील समोर बसले होते म्हणून राहिलं."

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात काळजी करायला विषय पुरेनात, तेव्हा सरितानेच त्यांना गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत धाडलं. संस्था म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट, तीन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. ज्योत्स्नाताई नावाच्या बाई ती चालवत. सुरगाण्याकडच्या पाड्यांवरची माणसं भात झोडून झालं की द्राक्षबागांत मजुरीला उतरतात आणि होळीला परत जातात. मागे राहतात म्हातारी आणि लेकरं. चिठ्ठी लिहायची तर लिहिणारा नाही, आणि लिहिली तर वाचणारा नाही. म्हणून ताईंनी एक युक्ती काढली होती. सुरगाण्याचा जीपवाला लखन पाड्यापाड्यांवर फिरायचा. तो मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायचा, सुरगाण्यात येऊन कॉम्प्युटरच्या दुकानातून इंटरनेटवर चढवायचा आणि संस्थेच्या पानावर एक ओळ लिहायचा: निरोप कोणाचा, कोणासाठी आणि व्हिडिओचा पत्ता. रविवारी बागांना अर्धी सुट्टी असे. तेव्हा मजूर संस्थेत यायचे आणि आपापली माणसं पडद्यावर बघून जायचे.

हे साल २००८. त्या पानाची जबाबदारी बोराड्यांकडे होती. सुरुवातीला ते ओळ न ओळ डोळ्यांनी वाचत. पानाची रचना अशी होती की पत्ता नीट लिहिलेला असला की तिथे व्हिडिओची चौकट आपोआप उघडायची. पण दिवाळीच्या सुमारास एकदा त्यांना एक पत्ता तुटका दिसला. मधे मधे मोकळी जागा सोडलेली, शेवटची अकरा अक्षरं सुटी सुटी. लखनचं बोट घसरलं असेल, असं म्हणत त्यांनी तो जोडला आणि स्वतः उघडून बघितला. एका मजुराचं घर जळाल्याचा निरोप होता. बोराड्यांनी त्याला आतल्या खोलीत बोलावलं, चहा-बिस्किटं पुढे केली आणि मग हळूच सांगितलं. नंतर ही गोष्ट ते विसरूनही गेले.

पुढे निरोप वाढले. आठवड्याला दीडशे-दोनशे ओळी येऊ लागल्या, त्यात गप्पा, नमस्कार, भाताचा भाव, कोणाची शेळी व्याली, सगळी सरमिसळ. बोराड्यांचे डोळे दुखू लागले. पुण्याला नोकरी करणारा मुलगा हर्षल फोनवर म्हणाला, "बाबा, हे हाताने काय करताय? रेग्युलर एक्स्प्रेशन वापरा. पत्त्याचा साचा सांगायचा, कॉम्प्युटर हजार ओळींतून तेवढेच पत्ते उचलून देतो."

साचा म्हटल्यावर प्रेसमधला माणूस हरखला. महिनाभर ते त्याच्यामागे लागले. आधी पत्त्याची ठरलेली सुरुवात, मग साइटचं नाव, मग तिरकी रेघ, मग अकरा अक्षरं. लहान चालतील, मोठी चालतील, आकडे चालतील, आडवी रेघ चालेल, दुसरं काही चालणार नाही. एकेक चिन्ह त्यांनी वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एक डिसेंबरला त्यांनी साचा लावला आणि कॉम्प्युटरने डोळ्याचं पातं लवायच्या आत एकशे अठरा व्हिडिओंची नावनिशीवार यादी काढली. बोराड्यांनी ते एकशे अठराही उघडून तपासले. एकही चुकीचा नव्हता. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी सरितासाठी पेढे नेले, आणि त्या रात्री म्हणे ते दाराची कडी एकदाच बघून झोपले.

भागीबाई दर रविवारी पहिली यायची. गिरणाऱ्याच्या पुढे एका बागेत ती कामाला होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही; पाड्यावर एकटी आई, कुसाबाई. दिवाळीपासून कुसाबाईचा दर आठवड्याला एक निरोप ठरलेला. म्हातारी मोबाइलकडे संशयाने बघत बोलायची, कोंबडीने किती अंडी दिली ते सांगायची आणि शेवटी लखनला विचारायची, "ह्ये तिला खरंच दिसतं का रं?" भागीबाई पडद्याला हात लावून हसायची आणि लगबगीने बागेत परत जायची.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी यादीत तिचं नाव नव्हतं. बोराडे म्हणाले, "या आठवड्यात काही नाही. काही नाही म्हणजे सगळं ठीक."

दुसऱ्या रविवारीही नव्हतं. त्यांनी यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. "नाही बाई. सगळं ठीक असणार."

तिसऱ्या रविवारी त्यांनी तेच सांगितलं, फक्त तिच्याकडे न बघता.

चौथ्या रविवारी ती सकाळी आठालाच दारात उभी होती. ज्योत्स्नाताई कुलूप काढत होत्या. बोराड्यांनी कॉम्प्युटर चालू केला, यादी काढली. सगळ्या पाड्यांची नावं होती, कुसाबाईचं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

भागीबाई हलली नाही. "भाऊ, एक इचारू का? ते येंत्र चुकत नाय ना?"

"नाही हो. मी स्वतः तपासलंय. एकही चूक नाही."

"मंग आय बोलत का नाय? दिवाळीपून एक आठवडा चुकला नाय तिचा. ठीक आसती तर बोलली आसती. ठीक हाय म्हनूनच तर ती बोलत व्हती." पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती पायऱ्या उतरून गेली. बागेत कामाला नेणारा टेम्पो खाली थांबलेला होता.

बोराडे खुर्चीत बसून राहिले. ठीक असलं की म्हातारी बोलते. मग जे बोलणं बंद झालंय ते ठीक कसं? इतकी साधी गोष्ट त्यांना तीन आठवडे सुचली नव्हती. यादी दाखवते ते खरं, एवढंच धरून ते बसले होते.

प्रेसमध्ये त्यांना काम शिकवलं होतं केरूनानांनी. नाना नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गठ्ठे दाखवायचे, एक पास झालेल्या तावांचा, दुसरा काढून टाकलेल्यांचा. आणि म्हणायचे, "पास झालेला काय, कोणीपण बघतं. तू रोज टाकलेला गठ्ठा बघ. तपासणाऱ्याची चूक तिथं असते." एकतीस वर्षं बोराड्यांनी रोज संध्याकाळी टाकलेला गठ्ठा पाहिला होता. आणि इथे? साच्याने उचललेले पत्ते त्यांनी एकूण एक तपासले, पण साच्याने जे सोडून दिलं त्याकडे एकदाही वळून बघितलं नव्हतं.

त्यांनी उलटा हुकूम दिला: जुळलेल्या ओळी वगळ, उरलेल्या दाखव. पडद्यावर चार आठवड्यांच्या सहाशेहून जास्त ओळी आल्या. नमस्कार. शेळी. भात. लग्नाची तारीख. बोराडे एकेक ओळ वाचत खाली जाऊ लागले. चष्मा नाकावरून घसरत होता, तो वर करायलाही हात थांबत नव्हता.

चाळिसाव्या ओळीच्या आसपास ती दिसली. "कुसाबाईचा निरोप, भागीबाईसाठी." आणि पुढे तुटका पत्ता. सुरुवात गाळलेली, अकरा अक्षरं सुटी सुटी, प्रत्येकामधे मोकळी जागा. खाली आणखी एक. त्याच्याही खाली आणखी एक. कुसाबाईचे तीन आणि इतरांचे मिळून आठ, असे अकरा निरोप त्या टाकलेल्या ढिगात पडून होते.

"ताई," ते म्हणाले.

ज्योत्स्नाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. बोराड्यांनी पहिला पत्ता जोडला. कुसाबाई घोंगडीवर आडवी होती. "भागे, मी पडले ओट्यावरून. कंबर उचलत नाय. तू ये." दुसरा, आठ दिवसांनंतरचा. चेहरा उतरलेला, आवाज बारीक. "बाग सोड म्हनत नाय बाय. येक दिस ये." तिसरा गेल्या बुधवारचा. त्यात ती मोबाइलकडे बघतच नव्हती, मागे उभ्या असलेल्या लखनकडे बघत होती. "दिला ना रं निरोप?" मागून लखनचा आवाज, "दिला, आजी." म्हातारी म्हणाली, "मंग?" तिथे व्हिडिओ संपला.

बोराड्यांनी लखनला फोन लावला. तो सुरगाण्याच्या स्टँडवर होता.

"लखन, अरे पत्ते तोडून का लिहिलेस?"

"मुद्दामच लिव्हतो ना काका." लखनला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमाला म्हाईत हाय की. सावळीरामच्या भावाचं झालं तवापासून."

तेव्हा सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरात सावळीराम नावाच्या मजुराचा भाऊ झाडावरून पडून गेला होता. लखनने पत्ता सरळ लिहिला, पानावर चौकट आपोआप उघडली, आणि वीस माणसांसमोर सावळीरामने भावाची तिरडी बघितली. लखनच्या पाड्यावर वाईट निरोप असा देत नाहीत. माणसाला बाजूला घ्यायचं, आधी पोटभर जेवू घालायचं, हात धुवून झाला की मग सांगायचं. उपाशी पोटी आणि चारचौघांत वाईट सांगणं म्हणजे मारणंच. म्हणून लखनने आपल्यापुरता नियम केला: वाईट निरोपाचा पत्ता तोडून लिहायचा, म्हणजे चौकट उघडणार नाही. काका ओळ न ओळ वाचतात, ते बघतील, बाजूला घेऊन सांगतील.

"घर जळाल्याचं तुमी तसंच सांगितलं ना? चा पाजून? तवाच मी वळखलं, काकांना कळलं म्हनून."

काकांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी बोट घसरलं असं समजून पत्ता जोडला होता. आणि मग असा साचा केला होता की चांगला निरोप एकूण एक उचलायचा आणि वाईट तेवढा नेमका गाळायचा.

"मग तू फोन का नाही केलास?"

"वाईट निरोप पोचला का, आसं कोन इचारतं काका? मला वाटलं बागवाला सोडत नसंल तिला. बिगी आना आता. म्हातारी हाय अजून. पन लय टिकंल आसं नाय वाटत. आन् काका, जेवू घालून सांगा."

ज्योत्स्नाताईंनी उरलेल्या आठ निरोपांचा कागद आपल्याकडे घेतला. त्या फोनला बसल्या आणि बोराड्यांसाठी भाड्याची जीप मागवली. सरिताने दिलेला दुपारचा डबा तेवढा त्यांनी बरोबर घेतला. वाटेत ते मनात वाक्य जुळवत होते. आई आजारी आहे, पण आहे. नाही, आधी आहे, मग आजारी. गंगापूर रोड संपून बागा लागल्या तरी वाक्य जमेना.

भागीबाई वेलींखाली घडांतले जादा मणी कातरून काढत होती. बोराडे बांधावर बसले, डबा उघडला, पोळी-भाजी झाकणावर काढली आणि तिला हाक मारली. ती आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे पाहिलं.

"बाई, आधी दोन घास खा."

तिच्या हातातली कातर खाली पडली. ती मटकन मातीत बसली आणि तिने असा हंबरडा फोडला की पलीकडच्या ओळीतल्या बाया धावत आल्या.

"अहो, आहे! आई आहे तुमची! जिवंत आहे!" बोराडे ओरडले.

"कवा गेली?"

"गेली नाही! आजारी आहे. लखनशी आत्ता बोललो मी."

"आसंच सांगत्यात," ती म्हणाली. "माझ्या धन्याच्या येळंलाबी आसंच म्हनले. आजारी हाय, चल. आन् आधी जेवू घातलं." तिने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. "आन् तुमी तर तीन रविवार ठीक हाय म्हनलं."

बोराड्यांनी डबा तसाच मिटला.

जीपमध्ये ती मागच्या बाकावर बसली. दिंडोरी गेली, वणी गेली, चढ सुरू झाला. बोराडे दर पंधरा मिनिटांनी लखनला फोन लावत होते. आधी तो उचलत नव्हता, मग त्याला रेंज नव्हती, मग बोराड्यांनाच नव्हती. आहे असं आपण छातीठोक सांगितलं, आणि पोचेपर्यंत म्हातारी नसली तर? तर या बाईला वाटणार की आपण चौथ्यांदा खोटं बोललो. आयुष्यात त्यांनी देवाकडे बढती मागितली नव्हती, मुलासाठी नोकरी मागितली नव्हती. त्या चढावर त्यांनी एका अनोळखी म्हातारीचे चार तास मागितले. शेजारी ड्रायव्हर होता म्हणून, नाहीतर ते मोठ्यानेच म्हणाले असते.

पाड्यावर पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. कुसाबाईच्या अंगणात माणसं नव्हती. माणसं नाहीत म्हणजे म्हातारी आहे. लखन दारात उभा होता. भागीबाई त्याला ओलांडून आत गेली.

म्हातारी होती. घोंगडीवर पडली होती, डोळे उघडे होते. लेकीला बघून तिचे ओठ हलले, हात चार बोटं वर उठला. आवाज मात्र आला नाही.

"परवापासून वाचा बसलीय," लखन हळू म्हणाला. "वळखती सगळ्यांना. बोलाय येत नाय."

भागीबाईने आईचा हात गालाला लावला. बोराडे चौकटीला टेकून उभे होते. म्हातारीला जे बोलायचं होतं ते ती तीनदा बोलली होती, आणि तिन्ही वेळा ते त्यांच्या ढिगात पडून राहिलं होतं. आता ती बोलणार नव्हती.

थोड्या वेळाने भागीबाई उठली. तिने चूल पेटवली, नागलीची भाकर थापली, शेजारणीकडून उडदाचं आमटीपाणी आणलं. थाळी बोराड्यांपुढे ठेवून ती म्हणाली, "भाऊ, आधी जेवून घ्या."

आता बोराड्यांनाही कळत होतं की जेवणानंतर काय असतं. ते खाली मान घालून जेवले. प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवावा लागला, पण भाकर त्यांनी टाकली नाही. त्यांनी हात धुतले. भागीबाई समोर बसून राहिली होती.

"आता सांगा," ती म्हणाली.

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. साचा, सुटी अक्षरं, मोकळ्या जागा, लखनचा नियम, काहीच त्यांच्या तोंडात आलं नाही.

"तुमच्या आईने तीन निरोप दिले होते," ते म्हणाले. "तिन्ही माझ्याकडे आले होते. मी बघितले नाहीत. आणि न बघता तुम्हाला ठीक आहे म्हणून सांगितलं."

भागीबाईने ते ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं बोराड्यांना वाटलं. ती लखनकडे वळली. "तुज्या मोबाइलात हायती का ते? लाव."

लखनने मोबाइल घोंगडीजवळ धरला. झोपडीत कुसाबाईचा आवाज घुमला. भागे, मी पडले ओट्यावरून. म्हातारीने स्वतःच्या आवाजाकडे मान वळवली. दुसरा निरोप झाला. मग तिसरा.

"दिला ना रं निरोप?"

"दिला, आजी."

"मंग?"

"आले गं आये," भागीबाई म्हणाली, आणि तिने आईचा हात घट्ट धरला. "ह्ये बग, आले."